होंडा सिटीला बाहेरचा गिअर नॉब बसवताना: आधी रॉडचे आटे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१२ ची होंडा सिटी, पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल. नॉबवरचं लेदर सोलून निघालंय आणि हाताला चिकट लागतं. म्हणून ऑनलाइन एक गोल, स्टीलचा, ‘सगळ्या गाड्यांना बसणारा’ नॉब मागवलाय. त्याच्यासोबत प्लास्टिकच्या तीन नळ्या आणि तीन बारीक ग्रब स्क्रू (डोकं नसलेले, बाजूनं आवळायचे) आलेत. अ‍ॅक्सेसरीजवाल्यानं सांगितलंय की गाडीचा दुसरा गिअर अडकतो, तेही जड नॉबनं थांबेल. गाडी विचारणारे गृहस्थ स्वतः चालवतात आणि नुकतंच लायसन्स मिळालेली त्यांची मुलगीही चालवते. नॉब बसवावा का, बसवायचा तर कसा, आणि गिअरला खरंच फरक पडतो का?

मी कोल्हापुरात पंचवीस वर्षं गाड्यांचं काम करतोय. आधी उत्तर देतो आणि मग कारण सांगतो. नॉब जरूर बदला, पण हा बसवू नका. तुमच्या गाडीला आट्यांवर फिरून बसणारा नॉब मिळतो, तोच घ्या. आणि दुसऱ्या गिअरचं दुखणं वेगळं आहे, त्याची तपासणी नॉबच्या आधी करा.

ग्रब स्क्रूच्या नॉबबद्दल मी इतकं ठाम का बोलतो, ते एका गाडीवरून सांगतो. आमच्याकडचं एक गिऱ्हाईक गगनबावड्यावरून करूळ घाट उतरत होतं. वळणाआधी तिसऱ्यातून दुसऱ्यात घ्यायला गेले आणि नॉब वर निघून हातात आला. गाडी न्यूट्रलमध्ये, पुढं उतार, आणि उजवा पाय ब्रेकवर. त्यांनी ब्रेक सोडला नाही आणि उघड्या रॉडलाच धरून गिअर टाकला, म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी गाडी माझ्याकडं आली. नॉब टेबलावर उलटा करून आतली नळी काढली, तर पांढरं प्लास्टिक उभं चिरलेलं होतं आणि स्क्रूच्या टोकांनी त्यात तीन खड्डे पाडले होते. एक स्क्रू तर नळीतून आरपार जाऊन रॉडला लागला होता. रॉडवर बोट फिरवलं की वरचे तीन आटे एका बाजूला चपटे झालेले कळत होते. १० बाय १.५ ची (हे आकडे पुढं समजावतो) डाय, म्हणजे रॉडवर आटे पाडायचं हत्यार, हलक्या हातानं फिरवली, आटे जिवंत केले आणि मग आट्यांचा नॉब बसवला. डाय फिरवायला दहा मिनिटं लागली, पण त्या माणसाच्या आवाजातली धास्ती अजून माझ्या लक्षात आहे.

असं का होतं तेही समजून घ्या. गिअर टाकताना नॉबवर नुसता पुढं-मागं जोर येत नाही. हात नकळत वर ओढतो, पिळतो, खड्ड्यात दाबतो. ग्रब स्क्रू तीन टोकांवर धरतो आणि त्या टोकांखाली मऊ प्लास्टिक असतं. उन्हात बंद उभ्या गाडीत ते आणखी मऊ होतं आणि स्क्रू जिथं घट्ट केला होता तिथून जागा सोडतो. तुम्ही पुन्हा आवळता, तो आणखी आत घुसतो. आट्यांवर बसलेला नॉब सहा-सात पूर्ण फेऱ्यांनी रॉडला धरून असतो. वर ओढून तो निघूच शकत नाही, त्याला उलटा फिरवावाच लागतो.

आता तुमच्या गाडीचे आटे. होंडाच्या मॅन्युअल गाड्यांत गिअर रॉड १० एमएम जाड असतो आणि आट्याचं पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.५ एमएम असतं. यालाच १० बाय १.५ म्हणतात. हे १० एमएमचं साधं, जाड पिच आहे, त्यामुळं कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातला १० चा नट त्यावर चढतो. नॉब मागवण्याआधी खिशात असा एक नट ठेवा. जुना नॉब काढून तो बोटांनी फिरवून बघा. शेवटपर्यंत सैल, न अडता गेला तर खात्री झाली. टोयोटाच्या बहुतेक मॅन्युअल गाड्यांत १२ बाय १.२५ असतं, माझदा आणि निसानमध्ये १० बाय १.२५. इथं फसगत अशी होते की १.२५ पिचचा नॉब १.५ च्या रॉडवर दोन-अडीच फेरे चढतो आणि मग घट्ट होतो. माणसाला वाटतं, नवा आहे म्हणून घट्ट आहे, आणि तो पान्ह्यानं ओढतो. तिथं आटे मरतात. नॉब हातानं फिरत नसेल तर तो त्या रॉडचा नाही, इतकं धरून चाला.

पिच मोजायला गेज नसेल तरी चालतं. रॉडवर एका आट्याच्या माथ्यापासून पुढं दहा आटे मोजा, म्हणजे अकराव्या माथ्यापर्यंत, आणि पट्टी लावा. १५ एमएम भरलं तर पिच १.५, साडेबारा भरलं तर १.२५. बारा एमएमच्या रॉडसाठी माझी एक जुनी युक्ती आहे. मारुतीच्या चाकाचा नट १२ बाय १.२५ चा असतो आणि तो कुठल्याही गॅरेजमध्ये पडलेला मिळतो. तो रॉडवर सरळ चढला तर काम झालं. हार्डवेअरचा साधा १२ चा नट मात्र १.७५ पिचचा येतो, त्यावरून अंदाज बांधू नका.

समजा आवडलेल्या नॉबचे आटे जुळत नाहीत. तर प्लास्टिकची नळी वापरण्याऐवजी पितळी बुश, म्हणजे आतून आटे असलेली नळी, करून घ्या. आमच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवाले ते तासाभरात काढून देतात. नॉबमधलं भोक मोजून बाहेरचं माप, आत साडेआठ एमएमचं ड्रिल आणि त्यात १० बाय १.५ चा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. भोक आरपार नसल्यामुळं तिसरा टॅप शेवटपर्यंत मारायला सांगा, नाहीतर खालचे आटे अर्धवट राहतात आणि नॉब वेळेआधी अडतो. आत किमान १० एमएम खोलपर्यंत पूर्ण आटे हवेत. लाकडी नॉब करून घ्यायचा असेल तरी आत पितळी बुश हवाच. लाकडात थेट मारलेले आटे टिकत नाहीत. लाकूड या कामाला वाईट नाही बरं का. पोर्शच्या ९१७ या रेसिंग गाडीत वजन वाचवायला नॉब लाकडाचा होता, आणि पुढं रस्त्यावरची कॅरेरा जीटी काढताना कंपनीनं त्याची आठवण म्हणून लाकडाचाच नॉब दिला. आपल्याकडं शिसवीचा नॉब हाताला सुंदर लागतो आणि उन्हात तापून चटका देत नाही.

आता वजनाचं. जड नॉबनं गिअर मऊ पडतो असं म्हणतात त्यात तथ्य आहे, पण लोक समजतात तितकं नाही. गिअर टाकताना सिंक्रोनायझर (गिअरबॉक्समधला वेग जुळवणारा भाग) दोन्ही बाजूंचा वेग जुळेपर्यंत स्लीव्हला, म्हणजे गिअर जोडणाऱ्या सरकत्या कडीला, क्षणभर रोखून धरतो. तेवढ्या वेळात हाताचा जोर जरा कमी-जास्त झाला की गिअर दातेरी लागल्यासारखा वाटतो. रॉडच्या टोकावर वजन असेल तर हलायला लागलेला रॉड त्या क्षणातून त्याच ओढीनं पुढं जातो. म्हणून जड नॉबची गाडी मऊ वाटते. होंडानं स्वतः २०२० च्या सिविक टाइप आरमध्ये गोल नॉब बदलून थेंबाच्या आकाराचा दिला आणि आत ९० ग्रॅमचं वजन घातलं, ते याच कारणासाठी. आकडा लक्षात घ्या, नव्वद ग्रॅम. तुमच्या हातातला स्टीलचा गोळा ५० एमएम व्यासाचा आणि भरीव असेल, तर हिशेबानं त्याचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास जातं. त्याच मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा पावणेदोनशे ग्रॅमचा होतो. कंपनीचा साधा प्लास्टिक-लेदरचा नॉब यापेक्षाही हलका असतो.

जास्त वजनाचा तोटा बारा वर्षांपेक्षा जुन्या गाडीत लगेच दिसतो. रॉडच्या बुडाचे आणि केबलच्या टोकाचे बुश झिजलेले असतात. टोकावर अर्धा किलो आलं की खराब रस्त्यावर रॉड नाचतो, खडखड करतो, आणि इंजिनची थरथर हातात येते. नवी गाडी असेल आणि तुम्हाला तो अनुभव आवडत असेल तर अडीच-तीनशे ग्रॅमपर्यंत जा. तुमच्या सिटीसाठी मी दीडशे ते दोनशेच्या वर जाणार नाही.

उंचीकडं मात्र कुणी बघत नाही आणि फरक तिथं जास्त पडतो. रॉड खाली एका टेकूवर फिरतो. समजा टेकूपासून नॉबच्या मध्यापर्यंत २५ सेंटीमीटर आहे आणि नवा नॉब अडीच सेंटीमीटर खाली बसला. हाताचा प्रवास दहा टक्के कमी होतो आणि जोर साधारण अकरा टक्के जास्त लागतो. तरुण मुलांना हे छोटं अंतर आवडतं. पण तुमची मुलगी नवी शिकते आहे, तिला ट्रॅफिकमध्ये पहिला-दुसरा सतत टाकायचा आहे. तिच्यासाठी नॉब मूळच्या उंचीलाच राहू द्या. उलट उंच एक्स्टेन्शन लावलं तर गिअर हलका होतो, प्रवास वाढतो आणि रॉडच्या बुडाशी ढिलाई जास्त जाणवते.

दुसऱ्या गिअरचं आता नीट ऐका, कारण खरा खर्च इथं वाचणार आहे. इंजिन बंद करून क्लच दाबा आणि एक ते पाच, मग रिव्हर्स, असे सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनवर सगळे सहज पडतात आणि चालू इंजिनवर जड जातात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. क्लचचं फ्लुइड, ते फ्लुइड ढकलणारे मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर, शेवटी क्लच प्लेट, या क्रमानं बघायचं. बंद इंजिनवरही जड जातात तर केबल, तिचे बुश किंवा रॉडचा टेकू सुकलाय. आणि फक्त दुसराच, तोही सकाळी थंड असताना, खरखर करून पडतो आणि पाच-दहा किलोमीटर चालल्यावर बरा होतो, तर तेल आणि दुसऱ्याची सिंक्रो रिंग (सिंक्रोनायझरची कडी) बघायची. होंडाच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला त्यांचं एमटीएफ, म्हणजे मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड, लागतं. कुणीतरी आधी ९० नंबरचं जाड गिअर ऑइल ओतलं असेल तर थंडीत दुसरा गिअर असाच वागतो. माझ्याकडं ‘गिअर अडकतो’ म्हणून आलेल्या होंडांपैकी कितीतरी नुसतं बरोबर तेल घातल्यावर सुधारल्या. जड नॉब या सगळ्यावर पांघरूण घालतो. हाताला गिअर मऊ लागतो आणि रिंग आतल्या आत झिजत राहते. म्हणून दुकानदाराचा सल्ला मानू नका.

धातूच्या नॉबबद्दल मुलीच्या दृष्टीनं आणखी एक सांगतो. मे महिन्यात गाडी दोन तास उन्हात उभी राहिली की आतलं प्लास्टिकही तापतं आणि स्टीलही तापतं. पण धातू ती उष्णता एकदम हातात सोडतो. सोलापूर, नागपूर, चंद्रपूरकडच्या लोकांना हे सांगायला नको. नवी ड्रायव्हर चटका बसून हात मागं घेईल, आणि तेव्हा गाडी सिग्नलवर असेल की रिव्हर्समध्ये, सांगता येत नाही. धातू हवाच असेल तर वरून लेदर शिवलेला घ्या, नाहीतर सरळ डेलरिनचा. डेलरिन हे कडक, पांढरं किंवा काळं प्लास्टिक आहे, ते तापून चटका देत नाही आणि घामानं चिकटत नाही.

शिवाय नॉबच्या माथ्यावर गिअरचा नकाशा असलेलाच घ्या. तुमच्या सिटीत रिव्हर्स पाचव्याच्या खाली, उजवीकडं मागं आहे. ज्या मुलीनं ट्रेनिंग स्कूलच्या दुसऱ्या एखाद्या गाडीवर शिकलंय, तिच्या हाताला रिव्हर्स डावीकडं पुढं असण्याची सवय लागलेली असू शकते. पार्किंगमध्ये घाई झाली की डोळे नॉबकडंच जातात. बिनखुणेचा गोळा सुंदर दिसतो, पण या घरात नको.

आता बसवणं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, चाकाला दगड. मग गिअर न्यूट्रलला घ्या. बूट म्हणजे रॉडभोवतीचं ते चुण्यांचं कातडं. ते नॉबच्या खालच्या टोकापासून हळूच खाली सोडवा. आत प्लास्टिकची रिंग अडकलेली असेल तर चपट्या प्लास्टिकच्या पट्टीनं उचका, स्क्रू ड्रायव्हरनं नको, ओरखडे पडतात. नॉब घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा. बारा वर्षांत तो बसून गेलेला असणार. सुक्या हातानं निसटला तर रबरी हातमोजा घाला. तरीही नाही हलला तर हेअर ड्रायरनं दोन-तीन मिनिटं गरम करा. कंपनीनं आत लॉकिंगचं केमिकल लावलं असेल तर ते मऊ होतं. पाइप पाना रॉडला लावू नका, आटे जातील. आणि काढताना तोंड नॉबच्या वर आणू नका. काही गाड्यांचे नॉब नुसते ओढून निघतात, आणि ते सुटतात तेव्हा एकदम सुटतात. माझ्या एका पोराचा ओठ असाच फुटला होता.

रॉडचे आटे वायर ब्रशनं साफ करा, जुनं केमिकल निघालं पाहिजे. आधी १० चा चेकनट, म्हणजे नॉबला खालून आवळून जागेवर धरणारा नट, रॉडवर खालपर्यंत फिरवून ठेवा. मग नवा नॉब हातानं शेवटपर्यंत चढवा आणि जिथं नकाशा तुमच्याकडं सरळ येतो तिथपर्यंत मागं घ्या. एका फेऱ्याला दीडच एमएम उंची बदलते, त्यामुळं अर्धा फेरा मागं घेतल्यानं काही बिघडत नाही. नॉब एका हातानं धरून चेकनट खालून वर आणा आणि १६ किंवा १७ च्या पान्ह्यानं नॉबच्या बुडाशी आवळा. लोक हा चेकनट गाळतात आणि नकाशा सरळ यावा म्हणून नॉब अर्धवट सोडून देतात. मग तो रोज थोडा थोडा फिरतो आणि आठवड्यात पहिल्या गिअरच्या जागी तिसऱ्याचा आकडा येतो.

आटे धरून ठेवणाऱ्या लॉकटाइट केमिकलचा निळा, म्हणजे मध्यम ताकदीचा, एक थेंब आट्यावर चालतो. पण फक्त नॉबच्या आत धातूचा इन्सर्ट (आटे असलेला आतला तुकडा) असेल तर. इन्सर्ट प्लास्टिकचा असेल तर लावू नका, त्या केमिकलनं काही प्लास्टिकला तडे जातात. लाल तर कधीच नको. पुढं काढायची वेळ आली की रॉडच खराब होतो.

बसवल्यावर इंजिन बंद असतानाच सगळे गिअर टाकून बघा. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्यात नॉब डॅशबोर्डला किंवा एसीच्या बटणांना लागता कामा नये. मागच्या गिअरमध्ये कप होल्डरला आणि हँडब्रेकला बोटं घासत नाहीत ना ते बघा. मोठ्या गोळ्यांना हीच अडचण येते. मग मुलीला बसवून तिच्याकडूनही टाकून घ्या, तिचा हात लहान आहे. पन्नासेक किलोमीटरनंतर एकदा चेकनट परत तपासा.

दुसऱ्या गाड्यांचे लोकही हे वाचतील म्हणून थोडं. ज्या गाड्यांत रिव्हर्ससाठी नॉबखालची रिंग वर ओढावी लागते, उदाहरणार्थ हुंडईच्या बऱ्याच गाड्या, तिथं नवा नॉब त्या रिंगला मोकळी जागा ठेवतो की नाही हे आधी बघा. रिंग अर्धी उचलली गेली तर रिव्हर्स लागतच नाही. आणि रिंग वरच अडकून राहिली तर पहिल्याऐवजी चुकून रिव्हर्स पडू शकतो. फोक्सवॅगन आणि स्कोडामध्ये अख्खा रॉड दाबून रिव्हर्स घ्यायचा असतो, पण तिथं नॉब आट्यांवर नसतो, क्लॅम्पवर असतो आणि बूट त्याच्याशी जोडलेला येतो. त्यांना त्याच गाडीचा पूर्ण सेट घ्यावा. ऑटोमॅटिकच्या नॉबमध्ये बटण आणि त्याचा आतला दांडा असतो, पार्कमधून गिअर सुटणं त्यावर अवलंबून असतं. तिथं आणि एएमटीच्या, म्हणजे क्लच पेडल नसलेल्या ऑटोमेटेड मॅन्युअलच्या, जॉयस्टिकवर मी बाहेरचा नॉब बसवत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी.

आरटीओचं विचारलं नाहीत, पण लोक विचारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करू देत नाही. गिअर नॉब आरसीवर नसतो.

एक सवय मात्र नव्या नॉबबरोबर सोडा, आणि मुलीलाही सोडायला सांगा. गिअर टाकून झाला की हात स्टीअरिंगवर. नॉबवर हात विसावला की त्याचा भार आतल्या शिफ्ट फोर्कवर, म्हणजे स्लीव्ह सरकवणाऱ्या काट्यावर, जातो, आणि तो फोर्क फिरत्या स्लीव्हला घासत राहतो. छान नॉब लावल्यावर हात तिथंच ठेवावासा वाटतो, म्हणून आवर्जून सांगतोय.

तर मागवलेला स्टीलचा गोळा परत पाठवा. १० बाय १.५ आट्यांचा, धातूचा इन्सर्ट असलेला, वरून लेदर, माथ्यावर पाच गिअरचा नकाशा आणि दोनशे ग्रॅमच्या आतला नॉब घ्या. त्याआधी इंजिन बंद-चालूची ती चाचणी करा आणि दुसरा गिअर कसा वागतो ते मला सविस्तर कळवा: थंडीत की गरम झाल्यावर, खाली घेताना की वर घेताना, आणि गिअरबॉक्सचं तेल शेवटचं कधी बदललं होतं. जुना नॉब फेकू नका. सोललेला असला तरी त्याचे आटे शाबूत आहेत, डिकीत स्टेपनीशेजारी राहू द्या.